गॅस वजनावर, तेल अंदाजावर: इंदूरच्या एका टॅक्सीच्या एसीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी आठ आसनी, डिझेल, डबल एसीची. मालक इंदूरचंच एक मराठी कुटुंब. वडील बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा टुरिस्ट गाड्यांचा धंदा बघतो. ओळख उघड होऊ नये म्हणून गाडीचं मॉडेल आणि घरचा तपशील गाळला आहे, आकडे मात्र आमच्या एसी वर्कशॉपच्या जॉबकार्डवरचे आहेत. फेऱ्या ठरलेल्या: उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, अधूनमधून मांडू. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईकडून दर्शनाला येणारी मंडळी. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि तेव्हा गाडीचं भाडं सीटवर कमी, मागच्या कूलिंगवर जास्त ठरतं.

डबल एसी म्हणजे दोन एसी नव्हेत. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) एकच, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) एकच. कूलिंग कॉइल मात्र दोन, एक डॅशबोर्डमागे आणि दुसरी मागच्या सीटवाल्यांसाठी. त्या दुसऱ्या कॉइलकडे जाणारे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. पाइप लांब, जोड जास्त, म्हणून गॅसही जास्त आणि तेलही जास्त. या गाडीच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१३४ए (एसीचा गॅस) ८५० ग्रॅम लिहिलेलं होतं. सर्व्हिस पुस्तकात तेल पीएजी-४६ (एक कृत्रिम तेल), पूर्ण सिस्टिमला २०० मिली.

या २०० मिलीभोवतीच पुढचं सगळं फिरतं. इंजिनाला चेंबर असतं, डिपस्टिक असते, तेल किती आहे ते कुणीही बघून सांगतं. गाडीच्या एसी कॉम्प्रेसरला तशी सोय बहुतेक नसते. तेल गॅसमध्ये विरघळून त्याच्याबरोबर फिरतं: थोडं कॉम्प्रेसरमध्ये, थोडं कंडेन्सरमध्ये, थोडं ड्रायरमध्ये (ओल शोषणाऱ्या डब्यात), थोडं कॉइलमध्ये. फिरत फिरत परत कॉम्प्रेसरकडे आलं तर पिस्टनला वंगण, नाही आलं तर कोरडं घर्षण. आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यात खनिज तेल चालायचं. आर-१३४ए खनिज तेलात विरघळत नाही, म्हणून पीएजी आलं. पीएजी गॅसबरोबर छान फिरतं, पण हवेतली ओल शोषण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

गाडीचा इतिहास असा. सलग तीन उन्हाळे मार्चच्या सुमारास कूलिंग कमी व्हायचं. चालक नेहमीच्या गॅरेजवर न्यायचा, तिथे दाब मोजायचं गेज लागायचं आणि ठरलेलं वाक्य ऐकू यायचं: "भिया, गैस कम है, टॉपअप मार देते हैं।" गॅस भरला की कूलिंग परत यायचं. दीड-दोन हजारांचं काम, तासाभरात गाडी मोकळी. धंदेवाल्याला यापेक्षा काय हवं?

अडचण

चौथ्या वर्षी मे महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढताना बॉनेटमधून करकर आवाज आला, मग रबर जळाल्याचा वास. कॉम्प्रेसर जाम झाला होता. चालकाने एसीचं बटण बंद केलं. क्लच सुटला, पुली मोकळी फिरू लागली आणि काचा उघड्या टाकून गाडी इंदूरला आली. आत सात माणसं आणि दुपारची वेळ.

गॅरेजने दुसऱ्याच दिवशी रिकंडिशन कॉम्प्रेसर बसवला. जुना भंगारात गेला, त्यातून किती तेल निघालं ते कुणी पाहिलं नाही. लाइन "साफ केली", म्हणजे कॉम्प्रेस्ड एअर मारली. ड्रायर तोच ठेवला. नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल भरलेलं येतं असं दुकानदाराने सांगितलं होतं, तरी मिस्त्रीने वरून एक माप, साधारण १०० मिली, आणखी ओतलं. आधीचा कॉम्प्रेसर तेलाविना गेला म्हणताहेत, मग या खेपेला कमी पडायला नको, हा त्याचा विचार. विचार माणुसकीचा होता, हिशेबाचा नव्हता.

कूलिंग आलं, पण अर्धवट. पुढच्या सीटवर ठीक, मागे कोमट. गेजवर दोन्ही काटे चढलेले दिसले म्हणून "गॅस जास्त झाला" असं समजून थोडा हवेत सोडला. (आर-१३४एचा एक किलो हवेत सोडणं म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने १,३०० ते १,५०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतकंच आहे. पण एवढा विचार करायला भर उन्हाळ्यात कोणाला सवड असते?) मग पुढचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) बदलला. फरक शून्य. सीझन चालू, बुकिंग रद्द होताहेत, खर्च वीस हजारांच्या घरात. या अवस्थेत गाडी आमच्याकडे आली.

काकांचं, म्हणजे निवृत्त वडिलांचं, पहिलं वाक्य होतं, "आधी मला सांगा, गॅस बरोबर आहे की नाही?" तीन वर्षं घरात या गाडीबद्दल ऐकलेला शब्द तेवढाच होता, त्यात त्यांचा काय दोष!

तपासणीत काय दिसलं

गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवली. सकाळी इंजिन चालू न करता गेज लावलं. हवेचं तापमान ३० अंश, दोन्ही काटे ९८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास. शुद्ध आर-१३४ए द्रवरूपात शिल्लक असेल तर ३० अंशाला दाब साधारण एवढाच दिसतो. हवा अडकलेली असेल किंवा दुसरा गॅस मिसळलेला असेल तर आकडा सहसा वर सरकतो. ही चाचणी पक्की म्हणता येणार नाही, पण फुकट आहे, आणि बाजारात भेसळीचे डबे फिरत असताना तेवढी तरी करावीच. एक मात्र ध्यानात ठेवायला हवं: हा उभ्या गाडीचा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही. आत ३०० ग्रॅम असो की ८५०, जोवर थोडा द्रव शिल्लक आहे तोवर काटा तिथेच उभा राहतो. टॉपअपचं अर्धं अधिक राजकारण या एका गैरसमजावर चालतं.

दुपारी ४० अंशाला, इंजिन १,५०० फेऱ्यांवर: लो साइड (कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचा दाब) ५५, हाय साइड (त्यातून बाहेर पडणाऱ्याचा) ३२० पीएसआय. समोरच्या जाळीतून १५ अंश, मागून २१. एवढ्या उन्हात लो ३५ ते ५० आणि हाय अडीचशेच्या आसपास असती तर मी समाधानी झालो असतो. दोन्ही काटे वर आणि कूलिंग कमी, याचे सरळ अर्थ तीन-चार: गॅस जादा, कंडेन्सरला हवा कमी, कंडेन्सर आतून तुंबलेला, किंवा तेल जादा. पंखा नीट होता. कंडेन्सर बाहेरून धुतला, हाय साइड जेमतेम दहा पीएसआय उतरली.

मग गॅस मशीनने काढून वजन केलं. ७९० ग्रॅम. स्टिकरपेक्षा ६० ग्रॅम कमीच. म्हणजे "गॅस जास्त" हे निदान तिथेच निकालात निघालं. काकांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि त्या उत्तराने त्यांची काळजी वाढली.

आता तेल. ही जागा जरा सावकाश सांगतो, कारण बहुतेक गॅरेजमध्ये हे काम होतच नाही.

गॅस काढताना त्याच्याबरोबर आलेलं तेल मशीन वेगळ्या बाटलीत टाकतं: २० मिली. कॉम्प्रेसर खाली उतरवला, ड्रेनचं तोंड खाली करून हबला (पुलीच्या मधल्या चकतीला) हाताने फिरवत मापात रिकामा केला: ११० मिली. कंडेन्सर सोडवून नायट्रोजनचा हलका झोत देऊन पारदर्शक बरणीत काढलं: ४५. पुढच्या कॉइलमधून १५. मागची कॉइल आणि पोटाखालचे लांब पाइप यांतून मात्र ८५ मिली निघालं, तेही एकदम नाही, गुठळ्या-गुठळ्यांनी, नळाला पाणी येण्याआधी खोकल्यासारखा आवाज करतो तसं. एकूण २७५. पाइपांच्या भिंतींना चिकटून राहिलेलं वेगळंच. पुस्तकातला आकडा २००.

सगळ्यात बोलकं होतं ते मागच्या लाइनमधलं तेल. चालकाला विचारलं तेव्हा कळलं की परतीच्या रिकाम्या फेरीत तो मागचा ब्लोअर बंद ठेवतो. ब्लोअर बंद म्हणजे त्या कॉइलमधून गॅसचा प्रवाह अगदी मंद, आणि मंद प्रवाह तेलाला ढकलून परत आणत नाही. ते तिथेच साचतं. त्यात गॅस आधीच कमी असेल तर परतीचा रस्ता आणखी बंद. कॉइलच्या आतल्या बाजूला तेलाचा थर बसला की उष्णता धातूतून गॅसपर्यंत नीट पोहोचत नाही. मागे कोमट हवा येण्याचं कारण हेच.

रंग करडा-काळपट होता. आमच्याकडे शिकायला असलेल्या मुलाने लगेच चुंबक आणलं. "अरे, चुंबक ठेव बाजूला," मी म्हटलं, "हा चुरा ॲल्युमिनियमचा आहे, तो चुंबकाला कसा चिकटेल?" पांढऱ्या फिल्टर पेपरवर चार थेंब पसरवून उन्हात धरले तर कंडेन्सरच्या तेलात चांदीसारखी बारीक चमक दिसली. कॉम्प्रेसरच्या तेलात चमक होती, पण फारच थोडी. मागच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी काळा लगदा अडकला होता. जुन्या कॉम्प्रेसरने मरताना सोडलेला हा कचरा हवेच्या झोताने निघालेला नव्हता, फक्त जागा बदलून बसला होता.

राहिला मूळ प्रश्न: तीन वर्षं गॅस जात कुठे होता? गाडी लिफ्टवर घेतली. पोटाखाली सगळीकडे कोरडी, फिकट धूळ. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रबरी होज आणि ॲल्युमिनियम पाइपच्या दाबलेल्या जोडावर तेवढा तळहाताएवढा काळा, ओशट चिखल. आर-१३४ए हवेत उडून जातो, तेल मागे राहतं आणि धूळ धरून ठेवतं. तो डाग पुसून, पुढे गळती तपासताना त्या लाइनमध्ये १५० पीएसआय नायट्रोजन भरला आणि साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे नाहीत, पाचेक मिनिटांनी बारीक पांढरा फेस धरला. एवढीच गळती. एका वर्षात कूलिंग घालवायला आणि थोडं थोडं करून कॉम्प्रेसर उपाशी मारायला ती पुरते.

चित्र एवढं स्पष्ट झालं. तीन वर्षं गॅस आणि तेल दोन्ही गेलं, परत फक्त गॅस आला. चौथ्या वर्षी तेल नको तितकं आलं. त्या १०० मिलीची बाटलीही गॅरेजमधून मागवून पाहिली: "सर्व गाड्यांसाठी" असं लिहिलेली, ग्रेडचा पत्ता नाही, बूच सैल, गेल्या पावसाळ्यापासून उघडी.

पर्याय

काकांच्या मुलाला गाडी दोन दिवसांत हवी होती. काकांना पुन्हा खर्च नको होता. माझी अडचण तिसरीच, काम अर्धवट केलं तर पुढच्या महिन्यात तीच गाडी माझ्या नावाने परत येणार.

सर्वांत स्वस्त रस्ता म्हणजे जादा तेल काढून टाकायचं, गळणारा होज बदलायचा, गॅस वजनाने भरून गाडी सोडायची. पाच-सहा हजारांत काम, कूलिंगही आलं असतं. पण कंडेन्सरमधला चुरा तसाच राहिला असता, आणि तो फिरत फिरत कॉम्प्रेसरमध्येच येतो.

दुसरा रस्ता मुलाने स्वतःच सुचवला. मागची लाइन जिथून फुटते त्या टी-जोडापाशी ती बंद करायची, सीझनभर पुढच्या एसीवर गाडी चालवायची, दिवाळीनंतर बघू. तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं. गॅस आणि तेल दोन्ही त्या मानाने कमी करावं लागलं असतं. काकांनी ते एका वाक्यात मोडून काढलं: "मागच्या सीटवर म्हातारी माणसं बसतात, त्यांना काय वाळ्याचे पडदे लावून देणार?"

तिसरा रस्ता पूर्ण कामाचा: नवा कंडेन्सर, नवा ड्रायर, मागचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, मागचा होज, दोन्ही कॉइल आणि पाइप फ्लश (द्रावण सोडून आतून धुणं), सगळ्या ओ-रिंगा (जोडांतली रबरी कडी), ताजं तेल. यात कॉम्प्रेसरचं काय हा उपप्रश्न होता. कंपनीचा नवा घेतला तर बिल जवळजवळ दुप्पट होत होतं.

कंडेन्सर फ्लश करून वापरावा, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण बाकीचं सगळं आम्ही फ्लशच करत होतो. पण आताच्या कंडेन्सरमध्ये एकमेकांना समांतर अशा अतिशय बारीक नळ्या असतात. फ्लशचा द्रव मोकळ्या नळ्यांतून निघून जातो, तुंबलेल्या नळ्या तुंबलेल्याच राहतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिलं तेव्हा मधल्या चार-पाच ओळी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड होत्या, म्हणजे तिथून काही जातच नव्हतं. तो आकडा त्यांना दाखवल्यावर त्यांनी हो म्हटलं.

निर्णयाची जागा: कॉम्प्रेसर

माझं मत नवा कॉम्प्रेसर घालावा असं होतं. रिकंडिशनचा भूतकाळ माहीत नसतो, आणि हा तर चुऱ्याच्या तेलावर काही आठवडे चालला होता. मुलाचं म्हणणं, हब हाताने मऊ फिरतोय, आवाज नाही, दाब बनवतोय, मग फेकायचा कशासाठी? दोन्ही बाजूंना वजन होतं. तेलातली चमक अगदी कमी होती आणि ती कंडेन्सरकडून आलेली असण्याची शक्यता जास्त.

शेवटी तडजोड झाली. कॉम्प्रेसर तोच ठेवायचा, त्याच्या सक्शनच्या (गॅस आत घेणाऱ्या) तोंडाशी बारीक जाळीचा फिल्टर घालायचा, आणि पावसाळा संपला की ती जाळी उघडून पाहायची. जाळीत चुरा सापडला तर कॉम्प्रेसर त्याच वेळी बदलायचा, वाद घालायचा नाही. हे जॉबकार्डवर लिहून दोघांची सही घेतली. सही घेण्यामागे अविश्वास नव्हता. मे महिन्यात ठरलेल्या गोष्टी ऑक्टोबरात कुणाला आठवत नाहीत, एवढंच.

केलेलं काम

कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बाजूला ठेवून बाकी प्रत्येक भाग वेगळा फ्लश केला. कॉम्प्रेसरमधून फ्लश कधीच सोडायचा नाही, ते द्रावण आतलं वंगण धुऊन नेतं. मागची कॉइल स्वच्छ व्हायला सर्वाधिक वेळ लागला. त्यानंतर कोरडा नायट्रोजन बराच वेळ चालू ठेवला. फ्लशचा द्रव आत राहिला तर नवं तेल पातळ करतो, आणि मग सगळी मेहनत पाण्यात.

जोडणी झाल्यावर पुन्हा नायट्रोजन दाबाने भरून तासभर ठेवला, काटा हलला नाही. मग वॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. इथे एक गंमत झाली. शिकाऊ मुलगा चिंतेत: "दादा, पंप खराब झालाय बहुतेक, काटा २८च्या पुढे जातच नाही. व्हिडिओत २९च्या वर दाखवतात." पंप ठणठणीत होता. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे; इथे वातावरणाचा दाबच साधारण २८ इंच पारा एवढा. त्यापेक्षा जास्त वॅक्यूम गेजवर दिसणार कुठून? पाण्याचा हिशेब केला तर ३० अंशाला उकळी फुटायला दाब ४२ मिलिबारच्या खाली यावा लागतो, म्हणजे आपल्याकडे गेजवर २७ गाठलं की ओल निघायला लागते. २८वर पाऊण तास ठेवला. मात्र वॅक्यूमने पाइपातली ओल निघते, पीएजी तेलात मुरलेली निघत नाही. म्हणून तेल सीलबंद डब्यातलंच, आणि डबा ऐन वेळी फोडलेला.

तेलाचा हिशेब असा मांडला. बाकी सगळं कोरडं होतं. कॉम्प्रेसर रिकामा केला तरी आत साधारण १५ मिली चिकटून राहतं असं धरलं. राहिले १८५. त्यातले ९० कॉम्प्रेसरमध्ये, ४० कंडेन्सरमध्ये, ४० मागच्या लाइनमध्ये, १५ ड्रायरमध्ये. ही भागांची वाटणी जोडणीच्या वेळीच करून घेतली. सगळं कॉम्प्रेसरमध्ये ओतलं असतं तरी बेरीज तीच झाली असती, पण पहिल्या झटक्याला पिस्टनपुढे द्रव आला असता, आणि द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्हची पट्टी मोडते. म्हणून इंजिन लावण्याआधी हब हाताने दहा-बारा वेळा फिरवून घेतला.

गॅस काट्यावर ८५० ग्रॅम. पहिली काही मिनिटं इंजिन आयडलवर, मागचा ब्लोअर पूर्ण वेगात, म्हणजे तेल सगळीकडे पोहोचून परत यायला रस्ता मिळेल. शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवलं: तारीख, तेलाचा प्रकार, २०० मिली, गॅस ८५०, काय बदललं. बिल ३१ हजारांवर गेलं. काकांनी दोनदा वाचलं, मग खिशातून पेन काढून बेरीज तपासली. बँकेची सवय.

निकाल

त्या दुपारी सावलीत ४१ अंश असताना पुढून साडेआठ अंश, मागून ११. लो ४०, हाय २५५. सीझनभर मागच्या सीटची तक्रार आली नाही. चालकाला एक नियम सांगितला, परतीच्या फेरीत मागचा ब्लोअर बंद ठेवायचा असेल तर इंदूरच्या अलीकडे शेवटची पंधरा-वीस मिनिटं तो चालू करायचा. तो पाळतो की नाही ते त्यालाच ठाऊक.

ऑक्टोबरात जाळी उघडली. काळसर धूळ होती, पण चमकणारा चुरा नाही म्हणावा इतपत. कॉम्प्रेसर राहिला. पुढच्या मार्चमध्ये गॅस काढून वजन केलं: ८२५ ग्रॅम. ऑक्टोबरात जाळीच्या तपासणीसाठी सिस्टिम उघडून पुन्हा भरल्यानंतर एवढी तूट मला मान्य आहे. गॅसबरोबर १० मिली तेल निघालं, तेवढंच ताजं परत घातलं आणि कार्डावर लिहिलं.

कॉम्प्रेसरबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. चालला हे खरं, पण एका गाडीचा अनुभव म्हणजे नियम नव्हे. गाडी घरगुती असती आणि महिन्यातून दोनदाच बाहेर निघत असती तर मी जुना ठेवायला आपणहून सांगितलं असतं. रोज तीनशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला घाटात पुन्हा तोच प्रसंग आला तर वाचवलेले पैसे एका बुकिंगमध्ये जातात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी पहिल्याच टॉपअपला होती. बंद सिस्टिममधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. त्या दिवशी गाडी लिफ्टवर घेऊन तो ओशट डाग कुणी पाहिला असता तर काम एका होजवर भागलं असतं. लहान गॅरेजकडे रिकव्हरी (गॅस काढून घेणारं) मशीन नसतं, हे मला मान्य आहे. पण नायट्रोजनचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि साबणाचं पाणी एवढं तर ठेवता येतं. गळती सापडत नसेल तर यूव्ही डाय (खास दिव्याखाली चमकणारा रंग) घालून आठवड्याने निळ्या दिव्याखाली बघता येतं. "गळती बंद करणारं" रसायन घालण्याचा सल्ला काकांना एकाने दिला होता. ते आत गेलं असतं तर हवा आणि ओल लागताच घट्ट झालं असतं, आणि मग माझं मशीनही कामातून गेलं असतं.

दुसरी संधी कॉम्प्रेसर जाम झाला त्या दिवशी. जुना कॉम्प्रेसर भंगारात टाकण्यापूर्वी उलटा करून त्यातलं तेल मापलं असतं, पाच मिनिटांचं काम, तर दोन गोष्टी कळल्या असत्या: तेल किती उरलं होतं आणि त्यात चुरा आहे की नाही. नव्यात किती ठेवायचं हे त्या मापावरून ठरतं. कंपनीचा नवा कॉम्प्रेसर बहुतेक वेळा पूर्ण सिस्टिमचं तेल भरूनच येतो. तो तसाच बसवला आणि बाकीच्या भागांत जुनं तेल असलं तर आपोआप जादा होतं. वरून आणखी ओतायची गरज क्वचितच पडते. एखादा भाग बदलताना किती घालायचं, कंडेन्सरला किती, कॉइलला किती, हे गाडीच्या पुस्तकात असतं. पुस्तक नसेल तर काढलेल्या भागातून निघालं तेवढंच परत घालणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलण्याबाबत मी त्या मिस्त्रीला फारसा दोष देणार नाही. गेजवरची लक्षणं खरोखर फसवी होती. मात्र गॅस हवेत सोडण्याऐवजी काढून वजन केला असता तर शंका तिथेच तेलाकडे आणि कंडेन्सरकडे वळली असती, आणि व्हॉल्व्हचे पैसे वाचले असते.

गाडीमालकांच्या बाजूने सांगायचं तर, बिलावर "एसी सर्व्हिस" एवढंच लिहून घेऊ नये. किती ग्रॅम काढला, किती भरला, तेल कोणतं आणि किती, हे चार आकडे मागावेत. न देणारा गॅरेजवाला बहुधा मापतच नसतो.

आता मुलगा एक हायब्रिड गाडी घ्यायच्या विचारात आहे आणि तिचा एसीही इथेच आणीन म्हणतो. त्याला आधीच बजावून ठेवलंय. तिथे कॉम्प्रेसर बेल्टवर नसतो, आत मोटर असते आणि तिची वेटोळी तेलात-गॅसमध्ये भिजलेली असतात. बहुतेक अशा कॉम्प्रेसरना वीज न वाहू देणारं पीओई तेल लागतं. पीएजीचा थोडासा अंश मिसळला तरी इन्सुलेशन उतरतं आणि गाडी हाय-व्होल्टेजची चूक दाखवून उभी राहू शकते. आमच्या मशीनच्या नळ्यांतून वर्षानुवर्षं पीएजी गेलेलं आहे. वेगळ्या नळ्या आणि वेगळी तेलाची बाटली येईपर्यंत त्या गाडीला मी गेजही लावणार नाही.